मोंटानाचा राज्यव्यापी मतदारसंघ: लोकसंख्या वाढूनही १९९३ मध्ये एक जागा का गेली?

उत्तरायण
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मोंटाना राज्यातून कोण कोण निवडून गेले याची यादी मराठीत करते आहे. तीन ठिकाणी अडले आहे.

१) हे राज्य ८ नोव्हेंबर १८८९ ला संघराज्यात आले. तेव्हा पूर्ण राज्याचा एकच मतदारसंघ होता, म्हणजे तिकडे ज्याला अ‍ॅट-लार्ज म्हणतात तो. मग १९१३ ते १९१९ या काळात दोन सदस्य दिसतात, पण मतदारसंघाचे नाव दोघांपुढेही अ‍ॅट-लार्ज. हे कसे?
२) १९८० च्या जनगणनेत मोंटानात ७,८६,६९० लोक होते, १९९० मध्ये ७,९९,०६५. लोक वाढले आणि जागा मात्र दोनाची एक झाली. का?
३) २०२३ पासून पुन्हा दोन जागा आहेत. मग त्या आधीच्या सदस्यांपुढे काय लिहायचे?

जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

नकाशावाला
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक याद्या तिथेच चुकतात. अ‍ॅट-लार्ज हे एकाच गोष्टीचे नाव नाही. त्याचे तीन प्रकार झाले आहेत.

पहिला प्रकार सरळ आहे. राज्याला जागाच एक, म्हणून राज्य हाच मतदारसंघ. आज अलास्का, डेलावेअर, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, व्हरमाँट आणि वायोमिंग ही सहा राज्ये अशी आहेत.

दुसऱ्या प्रकारात जागा अनेक असतात, पण राज्याचे तुकडे पाडलेले नसतात. प्रत्येक मतदाराला जागांइतकी मते, आणि सर्वाधिक मते मिळवणारे तितके उमेदवार निवडून येतात. मोंटाना १९१३ ते १९१९ या प्रकारात होते.

तिसऱ्यात बाकीच्या जागा नेहमीच्या मतदारसंघांतून आणि वाढीव एखादी जागा अख्ख्या राज्यातून भरतात. कनेक्टिकटमध्ये हे १९३३ ते १९६५ चालले. तिथला मतदार आपल्या मतदारसंघासाठी एक आणि राज्यव्यापी जागेसाठी एक अशी दोन वेगळी मते देई.

मोंटानाचे असे झाले की १९११ च्या जागावाटप कायद्याने राज्याला दुसरी जागा मिळाली. त्याच कायद्यात तरतूद होती, की राज्य मतदारसंघांची फेररचना करीपर्यंत वाढीव सदस्य राज्यव्यापी निवडावा आणि बाकीचे असलेल्या मतदारसंघांतून. आता मोंटानाचा असलेला मतदारसंघच राज्यव्यापी! त्यामुळे दोन्ही जागा एकाच मतपत्रिकेवर आल्या.

सुमेधा_प
म्हणजे जेनेट रँकिन त्यातूनच निवडून आल्या का?

नकाशावाला
हो, १९१६ च्या निवडणुकीत. प्रतिनिधिगृहातल्या त्या पहिल्या महिला. मोंटानात स्त्रियांना मताधिकार १९१४ मध्ये मिळाला होता, देशभर मिळायला १९२० उजाडले.

या निकालात मतपद्धतीचा वाटा मोठा आहे. रिंगणात दोन डेमोक्रॅट होते, जॉन इव्हान्स आणि हॅरी मिचेल. दोन रिपब्लिकन होते, रँकिन आणि जॉर्ज फार. मतदाराकडे दोन मते. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी मोंटानाने डेमोक्रॅट विल्सन यांना कौल दिला होता, तरी डेमोक्रॅट मतदार एक मत इव्हान्सना देऊन दुसरे रँकिनना देऊ शकत होता. इव्हान्स पहिले आले, रँकिन दुसऱ्या, आणि मिचेल व फार दोघेही बाहेर राहिले. एकास एक लढत असती तर त्याच मतदाराला पक्ष सोडूनच त्यांना मत द्यावे लागले असते.

रानपाखरू
इथे थोडे वेगळे मत मांडतो. पद्धतीला इतके श्रेय देऊ नये. रँकिन यांनी मताधिकाराच्या चळवळीत राज्यभर काम उभे केले होते, प्रत्येक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात) त्यांच्या ओळखी होत्या. राज्यव्यापी जागेला तेच लागते. ज्याचा जोर एका शहरापुरता आहे, अशा उमेदवाराला हीच पद्धत मारक ठरते.

नकाशावाला
@रानपाखरू, मान्य. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. संघटना राज्यभर नसती तर दुसरे मत मिळालेच नसते, आणि दुसरे मतच नसते तर संघटना पुरी पडली असती का, हे सांगणे कठीण आहे.

सुमेधा_प
आणि १९१८ मध्ये त्यांना पाडायला मुद्दाम मतदारसंघ पाडले, असे वाचले होते.

रानपाखरू
घटनाक्रम असा आहे. ६ एप्रिल १९१७ ला प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी युद्धाचा ठराव संमत केला. त्या ५० मध्ये रँकिन होत्या. त्याच वर्षी विधिमंडळाने राज्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन मतदारसंघ केले. रँकिन यांचे मिझुला पश्चिमेत गेले आणि तो भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. त्यामुळे त्या १९१८ मध्ये थेट सिनेटला उभ्या राहिल्या. रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) हरल्या, मग नॅशनल पार्टीकडून लढल्या आणि पराभूत झाल्या.

मात्र हेतूबद्दल जपून लिहावे. राज्यव्यापी निवडणूक ही फेररचनेपर्यंतची तात्पुरती सोय होती, हे वर आलेच आहे. फेररचना कधीतरी होणारच होती. तिचा फटका त्यांना बसला, इतके ठाम म्हणता येते.

यादीसाठी एक सूचना: १९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, पण पहिल्या मतदारसंघातून. ८ डिसेंबर १९४१ ला जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ विरुद्ध १ असे मतदान झाले, तो एक त्यांचा. तेव्हा एकाच नावापुढे दोन वेगळे मतदारसंघ येतील.

गणितप्रेमी
आता दुसरा प्रश्न. मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आकड्यांसह लिहितो. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखा आहे.

जागा ४३५, त्या १९१३ पासून ठरलेल्या (अलास्का व हवाई आल्यावर काही काळ ४३७ होत्या). प्रत्येक राज्याला किमान एक हे संविधानातच आहे. उरलेल्या ३८५ जागा १९४१ पासून हंटिंग्टन-हिल पद्धतीने वाटतात. कृती अशी:

राज्याची वाटपासाठीची लोकसंख्या घ्या. त्यात परदेशी नेमणुकीवरचे सैनिक व सरकारी कर्मचारी धरतात, म्हणून मोंटानाचा १९९० चा आकडा ७,९९,०६५ नसून ८,०३,६५५ आहे. 'न'वी जागा मागायची असेल, तर न गुणिले (न वजा १) याचे वर्गमूळ काढा आणि त्याने लोकसंख्येला भागा. सगळ्या राज्यांचे असे भागाकार उतरत्या क्रमाने लावा आणि वरून ३८५ उचला.

मोंटानाची दुसरी जागा: ८,०३,६५५ भागिले १.४१४२, म्हणजे सुमारे ५,६८,२७०.
वॉशिंग्टन राज्याची नववी जागा: ४८,८७,९४१ भागिले ८.४८५३, म्हणजे सुमारे ५,७६,०५०.

वॉशिंग्टन पुढे. तीच ४३५वी, शेवटची जागा. मोंटानाला ती मिळवायला सुमारे ११ हजार लोक कमी पडले. दहा वर्षांत मोंटाना दीड टक्का वाढले आणि देश जवळपास दहा टक्के. उत्तर इतकेच आहे: लोक घटावे लागत नाहीत, इतरांपेक्षा हळू वाढले तरी जागा जाते.

तिठा
म्हणजे वॉशिंग्टनने मोंटानाची जागा नेली.

गणितप्रेमी
@तिठा, असे सगळीकडे लिहिलेले असते, पण ते पुरते बरोबर नाही. याच पद्धतीने वॉशिंग्टननंतर रांगेत मॅसॅच्युसेट्सची अकरावी जागा होती: ६०,२९,०५१ भागिले १०.४८८१, म्हणजे सुमारे ५,७४,८५०. मोंटाना त्याच्याही मागे. वॉशिंग्टन बाजूला झाले असते तरी जागा मोंटानाकडे आली नसती. मोंटाना न्यायालयात गेले, तसा मॅसॅच्युसेट्सनेही वेगळा खटला लढवला. त्यांचा आक्षेप परदेशस्थ कर्मचाऱ्यांच्या मोजणीवर होता, आणि तेही हरले.

मोंटाना विरुद्ध वॉशिंग्टन हे चित्र येते ते डीन पद्धत (वाटपाची दुसरी एक पद्धत) वापरली तर.

कायदेपंडित
मोंटानाच्या खटल्यावर लिहितो. मोंटानाने वाणिज्य खात्याविरुद्ध दावा लावला, कारण जनगणना त्या खात्याकडे. १९९१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने दोनास एक बहुमताने मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात तो ३१ मार्च १९९२ ला एकमताने फिरला. निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे.

राज्याची मागणी डीन पद्धतीची होती. १८३२ मध्ये जेम्स डीन नावाच्या प्राध्यापकांनी ती सुचवली होती. तिच्यात प्रत्येक राज्याचा सरासरी मतदारसंघ देशाच्या आदर्श आकड्याच्या शक्य तितका जवळ असावा लागतो. १९९० ला आदर्श आकडा ५,७२,४६६ होता. मोंटानाला एक जागा दिली तर तफावत २,३१,१८९. दोन दिल्या तर प्रत्येकी सुमारे ४,०१,८२८ आणि तफावत १,७०,६३८. म्हणजे दोन जागा आदर्शाच्या जास्त जवळ. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे.

दुसरी बाजू पाहा. मोंटाना १ आणि वॉशिंग्टन ९ असे वाटले, तर मतदारसंघ ८,०३,६५५ आणि ५,४३,१०५. मोंटाना २ आणि वॉशिंग्टन ८ असे वाटले, तर ४,०१,८२८ आणि ६,१०,९९३. नुसत्या वजाबाकीने पाहिले तर पहिल्या वाटपात फरक २,६०,५५० आणि दुसऱ्यात २,०९,१६५. मोंटानाचे म्हणणे खरे. पण टक्केवारीने पहिल्यात मोठा मतदारसंघ लहानापेक्षा ४८ टक्क्यांनी मोठा, आणि दुसऱ्यात ५२ टक्क्यांनी. हंटिंग्टन-हिल टक्केवारीतला फरक कमी करते.

न्यायालयाने म्हटले की राज्याच्या हद्दी ओलांडता येत नाहीत आणि प्रत्येकाला किमान एक जागा द्यावीच लागते, म्हणून राज्याराज्यांत तंतोतंत समानता अशक्यच आहे. मग कोणता फरक कमी करायचा हे काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ठरवावे, आणि तिने १९४१ मध्ये प्रामाणिकपणे ठरवले आहे. १९६४ च्या 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' मधला समान मतमूल्याचा कडक नियम एका राज्याच्या आतल्या मतदारसंघांना लागू होतो, तो इथे जसाच्या तसा लावला नाही.

सुमेधा_प
हा प्रतिसाद जपून ठेवला. वजाबाकी आणि टक्केवारी यांची उत्तरे उलटी येतात हे आकड्यांतून पहिल्यांदा नीट कळले.

रानपाखरू
निकाल कायद्याने बरोबर असेल, पण तीस वर्षे तिथल्या लोकांवर अन्याय झाला असेच मी म्हणेन. २०१० मध्ये वाटपासाठी मोंटानाचे ९,९४,४१६ लोक आणि सदस्य एक. देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा मतदारसंघ. त्याच वेळी र्‍होड आयलंडमध्ये साडेदहा लाखांना दोन सदस्य. क्षेत्रफळ तर ३,८०,८०० चौरस किलोमीटर! अलास्का सोडले तर एवढा मोठा मतदारसंघ दुसरा नव्हता. काउंट्या ५६, मूळनिवासींसाठी राखून ठेवलेले सात प्रदेश (रिझर्व्हेशन्स), आणि या सगळ्यांचे म्हणणे मांडायला एक माणूस.

गणितप्रेमी
तळमळ कळते. मात्र हे पद्धतीच्या पक्षपातामुळे झालेले नाही. लहान राज्यांना हंटिंग्टन-हिल उलट थोडे झुकते माप देते. वेबस्टरची पद्धत (वाटपाची आणखी एक) असती तर भाजक दीड आला असता आणि मोंटाना आणखी मागे पडले असते: ५,३५,७७०.

सोपा ताळा देतो. राज्याची लोकसंख्या भागिले देशाची दर जागेमागची सरासरी करा. दुसरी जागा मिळायला हा आकडा साधारण १.४१ च्या वर हवा. मोंटानाचे असे:

१९९०: १.४०
२०००: १.४० (९,०५,३१६ भागिले ६,४६,९५२)
२०१०: १.४० (९,९४,४१६ भागिले ७,१०,७६७)
२०२०: १.४३ (१०,८५,४०७ भागिले ७,६१,१६९)

तीन जनगणना हे राज्य उंबरठ्यावरच उभे होते. डीन पद्धतीत उंबरठा १.३३ आहे, म्हणून मोंटानाने नेमकी तीच मागितली. २०१० मध्येही सुमारे १० हजारच कमी पडले.

तिठा
आणि २०२० ला किती फरकाने मिळाली?

गणितप्रेमी
मोंटानाचा भागाकार सुमारे ७,६७,५००. शेवटची जागा मिनेसोटाची आठवी, ७,६२,९९८. तिच्या लगेच मागे न्यूयॉर्कची सत्ताविसावी, जी अवघ्या ८९ लोकांनी हुकली. मोंटानाची मोजणी साधारण ६,४०० ने कमी भरली असती तर ती जागा न्यूयॉर्कला गेली असती. विरळ वस्तीच्या राज्यात घरोघर मोजणी नीट होणे किती मोलाचे, ते यावरून समजावे.

देवगडकर
अवांतर: दोन जागा, एक मतदारसंघ हे आपल्याकडेही होते. १९५२ आणि १९५७ च्या लोकसभेत द्विसदस्यीय मतदारसंघ होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५२ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबई शहर उत्तर या अशाच मतदारसंघातून लढले आणि राखीव जागेवर काजरोळकर निवडून आले. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत गेली.

कायदेपंडित
@देवगडकर, चांगली आठवण. दोन बारकावे. १९५२ ला मतदाराला दोन मते असली तरी दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, मोंटानासारखेच. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत मात्र बहुसदस्यीय मतदारसंघात सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. अल्पसंख्य गटाला तिचा मोठा उपयोग होतो.

आणि १९५७ मध्ये पार्वतीपूरम येथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या. व्ही. व्ही. गिरी हरले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अमेरिकेत राखीव जागेचा मुद्दाच नव्हता, तिथली अडचण वेगळी: राज्यात ५१ टक्के असलेला गट सगळ्याच्या सगळ्या जागा उचलू शकतो.

नकाशावाला
आणि म्हणूनच तिकडे ती बंद झाली. १९३२ मध्ये मिनेसोटात राज्यपालांनी फेररचनेचे विधेयक नाकारले आणि नऊच्या नऊ जागा राज्यव्यापी लढवल्या गेल्या. अलाबामात १९६२ ला आठही जागा तशाच. १९६७ च्या कायद्याने एकापेक्षा जास्त जागा असलेल्या राज्यांना एकसदस्यीय मतदारसंघ सक्तीचे केले, फक्त न्यू मेक्सिको आणि हवाई यांना एका निवडणुकीपुरती सवलत होती. तेव्हा २०२० ची जागा परत मिळाल्यावर मोंटानाला १९१३ सारखी सोय उपलब्धच नव्हती. रेषा आखावीच लागली.

सुमेधा_प
रेषा कोणी आखली? विधिमंडळाने?

नकाशावाला
नाही. १९७२ च्या राज्यघटनेनुसार पाच जणांचा आयोग आहे. चार जण विधिमंडळातले दोन्ही पक्षांचे नेते नेमतात, आणि त्या चौघांचे एकमत न झाल्यास पाचवा अध्यक्ष राज्याचे सर्वोच्च न्यायालय नेमते. या वेळी न्यायालयानेच नेमला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नकाशा तीन विरुद्ध दोन मतांनी संमत झाला.

राज्याची रहिवासी लोकसंख्या १०,८४,२२५. विषम आकडा, म्हणून लक्ष्य ५,४२,११२ आणि ५,४२,११३ असे. जागावाटपाला परदेशस्थ धरून आकडा घेतात आणि रेषा आखताना फक्त रहिवासी. या दोन आकड्यांची गल्लत फार होते. पश्चिमेत मिझुला, ब्यूट, बोझमन, कॅलिस्पेल. पूर्वेत बिलिंग्ज, ग्रेट फॉल्स आणि राजधानी हेलेना. पॉन्डेरा काउंटी तेवढी दोन्हीकडे विभागली आहे.

उत्तरायण
सर्वांचे मनापासून आभार. आता यादी अशी लिहिते, तपासून द्या.

राज्यव्यापी, एक जागा: थॉमस कार्टर १८८९–९१, विल्यम डिक्सन १८९१–९३, चार्ल्स हार्टमन १८९३–९९, अल्बर्ट कॅम्पबेल १८९९–१९०१, कॉल्डवेल एडवर्ड्स १९०१–०३, जोसेफ डिक्सन १९०३–०७, चार्ल्स प्रे १९०७–१३.
राज्यव्यापी, दोन जागा: जॉन इव्हान्स १९१३–१९, टॉम स्टाउट १९१३–१७, जेनेट रँकिन १९१७–१९.
१९१९ ते १९९३: पहिला आणि दुसरा मतदारसंघ.
राज्यव्यापी, एक जागा: पॅट विल्यम्स १९९३–९७, रिक हिल १९९७–२००१, डेनी रेहबर्ग २००१–१३, स्टीव्ह डेन्स २०१३–१५, रायन झिंकी २०१५–१७, ग्रेग जियानफोर्टे २०१७–२१, मॅट रोझेंडेल २०२१–२३.

रानपाखरू
छान झाली आहे. तीन टिपा जोडा. हार्टमन रिपब्लिकन म्हणून आले, पण १८९६ मध्ये चांदीच्या नाण्यांच्या प्रश्नावर सिल्व्हर रिपब्लिकन झाले, तेव्हा पक्ष दोन ओळींत द्या. एडवर्ड्स पॉप्युलिस्ट पक्षाचे. आणि विल्यम्स १९७९ पासून पहिल्या मतदारसंघाचे सदस्य होते. १९९२ मध्ये दोन जागांची एक झाल्याने त्यांची लढत पूर्वेचे विद्यमान सदस्य रॉन मार्लनी यांच्याशी झाली आणि ते थोड्या फरकाने जिंकले. विद्यमान विरुद्ध विद्यमान ही लढत टीपेत हवीच, कारण जागा जाण्याचा थेट परिणाम तिथे दिसतो.

नकाशावाला
झिंकी आणि जियानफोर्टे यांच्यामध्ये रिकामा काळ आहे. झिंकी मार्च २०१७ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री झाले आणि २५ मे २०१७ ला पोटनिवडणूक झाली. तिला प्राथमिक फेरी नव्हती, उमेदवार पक्षांच्या अधिवेशनांनी ठरवले. २०२३ ते २०२५ या मुदतीत झिंकी पहिल्या आणि रोझेंडेल दुसऱ्या मतदारसंघाचे सदस्य होते, म्हणून त्यांनाही रँकिनसारख्या दोन नोंदी.

गणितप्रेमी
तारखाही नीट लावा. १९३३ पर्यंत मुदत ४ मार्चला सुरू होई, त्यानंतर ३ जानेवारीला. म्हणजे रँकिन यांची पहिली मुदत ४ मार्च १९१७ पासून आणि राज्यव्यापी मतदारसंघ संपला ३ जानेवारी २०२३ ला, नोव्हेंबर २०२२ च्या मतदानाच्या दिवशी नव्हे. जनगणनेच्या फायलींमधून नकाशा घेणार असाल तर एकच मतदारसंघ असलेल्या राज्याला तिथे '०१' नाही, '००' हा क्रमांक असतो. मोंटानाचा राज्यक्रमांक ३०, म्हणून जुना ३०००, नवे ३००१ आणि ३००२. तक्त्यात हा रकाना अंक म्हणून उघडला तर पुढचे शून्य गळते आणि ०० चा नुसता ० होतो, मग नकाशा जुळत नाही. रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा, मग फाइल उघडा.

उत्तरायण
शून्य गळलेच होते. दुरुस्त करून उद्या नकाशासह टाकते.